भिंतीतला सी-सॉ आणि रंगाचा प्रश्न

संपादक महोदय,

राजकीय दुफळीवर पुण्यातल्या एखाद्या बागेत कलाकृती उभारायची म्हटली, की अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सी-सॉचे उदाहरण हमखास निघते. रोनाल्ड रायल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो या वास्तुरचनाकारांनी २८ जुलै २०१९ रोजी सीमेवरच्या लोखंडी गजांमधून तीन गुलाबी सी-सॉ आरपार बसवले. एका टोकाला अमेरिकेतली मुले, दुसऱ्या टोकाला मेक्सिकोतली. पण तो खेळ तासभरही चालला नाही. बागेत तशीच गजांची भिंत आणि तिच्यातून आरपार सी-सॉ उभारायचा, तर त्याला वर्षानुवर्षे आदळआपट सोसायची असते.

दांडा ज्यावर तोलला जातो तो टेकू भिंतीच्या रेषेतच हवा. मग दांडा वरखाली झाला तरी गजांपाशी फारसा हलत नाही. दांडा आणि गज यांच्यातली फट ८ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त ठेवावी. मधल्या मापात मुलांची बोटे अडकतात.

४ मीटर दांड्याला ३ इंची, ४ मिलिमीटर जाडीचा पाइप पुरतो. नेहमीची चूक म्हणजे बरोबर मध्यावर आरपार भोक पाडून बोल्ट घालणे. सगळा ताण तिथेच येतो आणि दांडा तिथेच वाकतो. भोक न पाडता खालून बुश (ज्यातून बोल्ट जातो ती छोटी नळी) वेल्ड करावा. जस्ताचा मुलामा वेल्डिंगनंतरच. आधी दिला तर जोडाजवळचे जस्त जळते आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. पाइपाची टोके बंद करणार असाल तर खालच्या अंगाला छोटी भोके ठेवा, कारण हवाबंद पाइप मुलाम्यासाठी ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवताना फुटू शकतो. दणका बसू नये म्हणून टोकांखाली जुने टायर अर्धे पुरावेत.

बैठका सरकत्या हव्यात. टेकूपासून १.२ मीटरवरच्या ६० किलोच्या माणसाला १.८ मीटरवरचा ४० किलोचा माणूस तोलून धरतो. बैठका पक्क्या ठोकल्या तर हलका माणूस वरच लटकत राहतो आणि कलाकृतीचा अर्थ उलटा होतो!

राहिला रंग. भगवा, हिरवा, निळा हे तर वाटले गेलेच आहेत. २०१९ मध्ये सीमेवर चाललेला गुलाबीही २०२४ च्या विधानसभा प्रचारानंतर महाराष्ट्रात कोणाचाच नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा जस्त उघडेच, राखाडी राहू द्यावे. 'अमुक यांच्या विकासनिधीतून' ही पाटीही नको. त्या जागी वजनमर्यादा लिहावी.

– फॅब्रिकेशन व देखाव्यांची कामे करणारे, पुणे ३०