‘पळून गेली’ एवढाच शेरा?

महोदय,

12 मेच्या परिचारिका दिनाचे फोटो आपल्या अंकात पाहिले. मेणबत्त्या, शपथ, गुलाबाची फुले, सगळे यथासांग. माझी नोकरी मेळघाटातून रेफर होऊन येणाऱ्या पेशंटांत गेली, म्हणून हे चार शब्द.

धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू आदिवासी बाई सलाईन काढून रातोरात निघून गेली, की केसपेपरवर ‘पळून गेली’ असा शेरा पडतो आणि खाट दुसरीला मिळते. का गेली, हे कोणी लिहीत नाही. मी पाहिलेली कारणे औषधाची नव्हती. रात्री सोबतच्या माणसांना बाहेर काढतात आणि हिला मराठी येत नाही. लघवीला कुठे जायचे, हे विचारायची सोय नाही. सिझरला नेताना गळ्यातला मंतरलेला दोरा कात्रीने कापून ट्रेमध्ये टाकतात. शहरातल्या बाईचे मंगळसूत्र आपण कागदात गुंडाळून सासूच्या हाती देतो ना? मग दोरा का नाही देता येत?

पोट फुगले म्हणून घरी तापल्या लोखंडाने दिलेले चटके बाळाच्या पोटावर दिसले की विचारूच नका. चटके वाईटच, बाळाच्या जिवावर बेतते. पण चार बायकांदेखत ‘जंगली कुठले’ ऐकलेली आई पुढचे बाळ दवाखान्यात आणत नाही, भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे नेते. आमच्या एक सीनियर सिस्टर आधी जखम पुसून मलम लावायच्या, पोट कधीपासून फुगले ते विचारायच्या. चटक्याचा विषय डिस्चार्जच्या दिवशी काढायच्या, तोही आजीसमोर. चटका द्यायचे घरात तीच ठरवते, हे त्यांना ठाऊक होते!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना आदिवासींना विचारून बांधला. झोपड्यांसारखे वॉर्ड, नातेवाइकांना राहायला जागा, नाव दंतेश्वरी देवीचे. सरकारी इमारत पाडून झोपड्या बांधा, असे मी म्हणत नाही.

रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीस खाटा, यात हे कोणी करायचे, असे माझ्या मैत्रिणी विचारतील. रास्त आहे. म्हणूनच मेळघाटचे पेशंट येतात त्या वॉर्डांत रात्री कोरकू बोलणारी एक मावशी नेमा आणि बाळंतिणीची आई किंवा सासू खाटेजवळ राहू द्या. मावशी कंत्राटी असली तरी चालेल, फक्त तिचा पगार सहा-सहा महिने अडकवू नका.

– एक निवृत्त अधिपरिचारिका, परतवाडा