मांगराचं दार उघडं ठेव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री मामीचा फोन आला. तिने तुझी तक्रार केली नाही, उलट कौतुकच चाललं होतं. पोरगा पहाटे उठून तूस बदलतो, बदकाच्या पन्नास पिल्लांतली दोनच गेली, वाडीतली माणसं बघायला येतात. बोलता बोलता एवढंच म्हणाली की लाइट गेली की तू मांगरात, त्या पिल्लांच्या खोपटात, कोळशाची शेगडी पेटवतोस, पाऊस आत येऊ नये म्हणून चारी बाजूंची ताडपत्री सोडतोस आणि पिल्लांशेजारीच आडवा होतोस. फोन ठेवल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. तुझ्या फोनला तिथे रेंज नसते, आणि लागला तरी "आई, सगळं ठीक आहे" म्हणून तू ठेवून देशील. म्हणून हे पत्र सुधामावशीच्या हाती देते आहे. ती रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरेल.

शेगडी आत नको. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. हे तू माझ्याच वर्गात शिकलास. खाणीत कॅनरी पक्षी का नेत असत, तेही तिथेच शिकलास. पक्ष्याला आधी बाधतं, म्हणजे पिल्लं आधी माना टाकतील. पण तू झोपेत असशील तर ते बघणार कोण?

आता हे पुन्हा काढत नाही. पिल्लांबद्दल लिहिते.

मामी म्हणाली तू तळाला वर्तमानपत्रं घातली आहेस. ती काढ. कागदावर पाय घसरतात आणि कोवळ्या वयात पाय फाकले की पिल्लाला नीट उभं राहता येत नाही. भाताचं कोरडं तूस चांगलं जाड पसर. पिल्लं तूस खायला बघत असतील तर त्यावर काही दिवस गोणपाट घाल आणि ते रोज बदल. एक गोणपाट धुऊन चुलीवर वाळत, एक वापरात, असं ठेवलंस तर पावसातही निभेल.

खरी घाण पाण्याची होते. कोंबडीचं पिल्लू पाणी पितं, बदकाचं पिल्लू पाण्याशी खेळतं, आणि ते त्याला बंदही करता येत नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवायला मिळाली नाही तर नाक चोंदतं, डोळे चिकटतात. म्हणून भांड्यात पाणी 5 ते 7 सेंटिमीटर खोल असू दे, पण भांड्याचं तोंड इतकं अरुंद ठेव की पिल्लू आत उतरणार नाही. बदकीण असती तर तिच्या पिसांतलं तेल पिल्लांच्या अंगाला लागलं असतं. तुझ्या पिल्लांना ते नाही, त्यामुळे ती भिजली की थेट गारठतात. भांडं उबेच्या बल्बपासून सगळ्यांत लांबच्या टोकाला ठेव. खाली लाकडी चौकटीवर जाळी ठोक आणि जाळीखाली पत्र्याचं ताट सरकव. सांडलेलं पाणी ताटात जाईल, तुसात मुरणार नाही. मामाने पोपटाच्या पिंजऱ्यासाठी आणलेली जाळी माळ्यावर असेल, ती घे.

तूस मुठीत दाबून बघत जा. मूठ उघडल्यावर सुटलं तर ठीक, गोळा राहिला तर ते काढायचं. ओल्यावर चुना मारू नको. चुन्याने विष्ठेतला अमोनिया वायू उलट जास्त सुटतो. वास बघायचा तर उभ्याने बघू नको, पिल्लांच्या उंचीला वाकून बघ, कारण ती तीच हवा घेतात. आणि बाहेरून आत आल्या आल्या बघ. थोडा वेळ आत बसलं की आपलं नाक सरावतं, मग डोळे चुरचुरेपर्यंत कळत नाही.

तू तर रात्रभर त्याच हवेत असतोस.

माझं मन तिथेच जातं, काय करू? तुसाची धूळ, भिजल्या तुसावरची बुरशी, अमोनिया, आणि वर ती शेगडी. चौथीपर्यंत तुझ्या छातीतली शिट्टी ऐकत रात्री काढल्या आहेत आम्ही. बाबा तुला खांद्यावर उभा धरून गॅलरीत फेऱ्या घालायचे, कारण आडवं केलं की तू तोंड उघडून हवा शोधायचास. त्या दिवसांत ते ऑफिसला तसेच, न झोपता जायचे. तू आता सव्वीसचा आहेस, तुझा दमा गेला असं डॉक्टरही म्हणाले. मला ते पटलं आहे. तरी पंप पिशवीत टाकला आहे. वापरू नको हवं तर, उशाशी असू दे.

पत्राचा वर्ग झाला. माफ कर. तीस वर्षं खडू हातात असला की असंच होतं. तुला यातलं बरंचसं ठाऊक असणार, तू मन लावून वाचतोस. नोकरी सोडलीस तेव्हा तुझ्या टेबलावर बदकपालनाची टिपणं बघितली होती मी. आठवड्यांप्रमाणे तापमान लिहिलं होतंस, पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी, चौथ्यात 24. इतक्या नीट अक्षरात तू दहावीलाही लिहिलं नव्हतंस. मी ते पान बाबांना दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

माझ्या आयेकडे थर्मामीटर नव्हता. ती खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली बदकाची अंडी घालायची. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, बदकाची 28. शेवटच्या आठवड्यात कोंबडी कंटाळून उठू लागायची, तर आये तिला चार दाणे घालून, पाठीवर हात ठेवून पुन्हा बसवायची. मग कोमट पाण्यात बोटं बुडवून अंड्यांवर शिंपडायची. पिल्लं निघाली की ती डालग्याजवळ बसून आवाज ऐकायची. चिरका, एकसारखा ओरडा म्हणजे थंडी. तोंडं उघडी आणि एकमेकांपासून लांब म्हणजे उकाडा. सगळीकडे पसरून, निवांत झोपली की ती उठायची आणि आम्हांला जेवायला वाढायची. आम्ही भावंडं भुकेने ताटकळायचो, पण डालग्याआधी आमची पानं कधी पडली नाहीत. तुझ्या खाकी कॅम्पबेल जातीच्या बदक माद्या सहसा खुडूक होत नाहीत, तेव्हा पुढेही तुला यंत्रावर आणि बल्बवरच भिस्त ठेवावी लागणार. बल्ब साधा, जुन्या पद्धतीचा असू दे. एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. आणि तो सुतळीने नको, साखळीने टांग. कोरड्या तुसावर पडला तर मांगर पेटेल.

खाद्याचंही सांगायचं राहिलं. श्रावण संपेपर्यंत पोती जमिनीवर ठेवू नको, भिंतीलाही टेकवू नको. मक्याला किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला जरा कुबट वास आला तरी फेकून दे, पैशांकडे बघू नको. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी धरलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेल्या. बदकाची पिल्लंही मेली. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं, आणि बदकाचं पिल्लू त्याला फारच नाजूक. भिजवलेलं खाद्य थोडं थोडं घाल, उरलेलं आंबण्याआधी काढ. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असशील तर नायसिन हे जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं, नाहीतर पाय वाकतात. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. बदकांच्या प्लेगची लसही तिथेच, आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान.

शेगडीऐवजी काय, ते सांगितल्याशिवाय नको म्हणणं बरं नाही. लाइट गेली की पिल्लांना बाजूला भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यात घाल. बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेव आणि वरून कापड अर्धंच टाक. पावसाळ्यात कुडाळला हवा दमट असते, गारठवणारी नसते. एकमेकांच्या उबेवर आणि बाटल्यांवर ती रात्र काढतील. पाणी मामीच्या चुलीवर तापव, शेगडी घरातच राहू दे. ताडपत्रीही वाऱ्याच्या उलट बाजूची वर गुंडाळ. आणि तू पडवीत झोप. मुंगसाची भीती वाटते ना? मग मांगराला खालून फूटभर बारीक जाळी लाव, पण पडवीत झोप.

एक गोष्ट तुला सांगू नये असं ठरलं होतं, तरी सांगते. बाबा काल स्टेशनजवळच्या दुकानात इन्व्हर्टरची किंमत विचारून आले. मला म्हणाले, "बॅटरी किती तासांची लागेल, त्याला विचार." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तेव्हा पेपर उघडून बसले. तू आपणहून त्यांना फोन कर आणि किती वॉटचे किती बल्ब, ते सांग. माफीबिफी काही नको, बल्बचंच बोल. तेवढ्यावरही ते तासभर बोलतील.

मावशीकडे थर्मामीटर, पंप, बेसनाचे लाडू आणि तुझे दोन जुने स्वेटर दिले आहेत. स्वेटर पिल्लांच्या खोक्याला घातलास तरी चालेल. पुढच्या शनिवारी मी येते आहे. बाबांचंही तिकीट काढलं आहे, ते येतील की नाही माहीत नाही. आलेच तर स्टेशनवर काही विषय काढू नको, त्यांच्या हातातली पिशवी घे आणि आधी मांगराकडे ने.

तुझी,
आई

ता. क. हे वाचून झाल्यावर रेंजमध्ये येऊन आज रात्री कुठे झोपणार ते कळव. नुसता मेसेज केलास तरी पुरे.