त्या रात्रीची तारीख कुणालाच माहीत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात कॉम्प्टन्स नावाचा रात्रभर उघडा असणारा कॅफेटेरिया होता. तिथे पोलिस नेहमीसारखे ट्रान्स बायकांना (जन्मतः पुलिंगी नोंद झालेल्या, पण स्वतःला बाई म्हणून ओळखणाऱ्या) हुसकायला आले, एका पोलिसाने एकीला हात घातला आणि तिने कॉफीचा कप त्याच्या तोंडावर फेकला, मग काय कपबशा उडाल्या, काचा फुटल्या, भांडण रस्त्यावर आलं. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांविरुद्ध जो गाजलेला उठाव झाला, त्याच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. पण नेमकी कुठली रात्र ते आजही सापडलेलं नाही, कारण पेपरात त्याची बातमीच आली नाही. पुढे सुझन स्ट्रायकर या ट्रान्स इतिहासकार बाईंना १९७२ च्या प्राइड परेडच्या (समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या अभिमान मिरवणुकीच्या) छापील पत्रिकेत याचा उल्लेख दिसला, तिथून त्यांनी माणसं शोधली, त्यांना बोलतं केलं. ती पत्रिका कुणी रद्दीत टाकली असती तर?

हे मी मुद्दाम पेपरला लिहितेय. ट्रान्स लोकांबद्दल जे जुनं लिहिलेलं सापडतं ना, ते बहुतेक पोलिसांनी नाहीतर कोर्टाने लिहिलेलं असतं. ब्रिटिशांच्या १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने (गुन्हेगार जमाती कायद्याने) तर हिजड्यांची नावं-पत्ते टिपायला रजिस्टरच काढलं होतं, त्यात नाव असलेल्याने बाईचे कपडे घालून चारचौघांत वावरलं किंवा नाचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आज कुणी आपल्या आधीच्या पिढ्या शोधायला गेलं तर त्यांना आधी गुन्हेगारांची यादीच हाती लागणार. त्या माणसांना काय आवडायचं, कुणावर जीव होता, आजारपणात उशाशी कोण बसलं, यातलं काहीच त्या रजिस्टरात नाही.

आणि जिथे प्रेमाने जपलं होतं तिथे जाळलं. बर्लिनमध्ये डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिकतेचा अभ्यास करणारी संस्था १९१९ पासून होती, ट्रान्स लोकांना तिथे उपचार आणि आधार दोन्ही मिळायचं. मे १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि चार दिवसांनी पुस्तकं, कागद चौकात पेटवले. तिथेच काम करणाऱ्या डोरा रिश्टर, ज्यांची लिंगबदल शस्त्रक्रिया अगदी सुरुवातीच्या अशा शस्त्रक्रियांमधली, त्याच हल्ल्यात मारल्या गेल्या असं कित्येक वर्षं सगळे लिहीत राहिले. हल्ली अभ्यासकांना त्यांच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव बदलल्याची, नंतर जोडलेली टीप सापडली, आणि कळलं की त्या वाचल्या होत्या, १९६६ पर्यंत जगल्या! एका नोंदीने त्यांचं तेहेतीस वर्षांचं आयुष्य परत मिळालं. हे वाचलं तेव्हा मी खरंच रडले.

खरं नुकसान घरात होतं असं मला वाटतं. ट्रान्स माणूस गेलं की नातेवाईक येतात, साड्या, पत्रं, फोटो सगळं लाजेपोटी फेकून देतात आणि जन्माच्या वेळी ठेवलेलं जुनं नाव लावून अंत्यविधी उरकतात. अर्जेंटिनात मारिया बेलेन कोरेआ आणि क्लाउडिया पिया बाउद्राको या दोघी मैत्रिणींच्या मनात होतं की आपल्या लोकांचे फोटो एकत्र करायचे. क्लाउडिया २०१२ मध्ये गेल्या, मारिया यांनी काम सुरू केलं. आज त्या संग्रहात हजारो फोटो, पत्रं आहेत आणि सांभाळणाऱ्या स्वतः ट्रान्स बायकाच आहेत. त्यात वाढदिवस आहेत, कार्निव्हल आहे, नुसतं गप्पा मारत बसलेल्या मैत्रिणी आहेत. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण २० नोव्हेंबरला, ट्रान्स स्मृतिदिनी, आपण मारल्या गेलेल्यांची आठवण काढतो आणि ती काढलीच पाहिजे, पण २००९ पासून ३१ मार्चचा ट्रान्स दृश्यता दिवस सुरू झाला तो जिवंत असलेल्यांचं कौतुक करायलाच ना.

एक मात्र, घाईने सगळं नेटवर टाकू नये. फोटोतल्या माणसाला विचारा, नको म्हणाले तर नको. जुनं नाव, शोधायला उपयोगी पडतं म्हणून, मथळ्यात लावू नका.

तर विनंती अशी, आपल्या पेपरात वयस्कर ट्रान्स लोकांसाठी एक कोपरा ठेवा. त्यांनी सांगावं, तुम्ही रेकॉर्ड करा, त्यांना वाचून दाखवा आणि मगच छापा. आणि फोटोखाली जागा लिहा, नाव त्यांनी सांगितलेलंच लिहा, आणि तारीख, ती तर नक्की लिहा.

आपली,
एक नियमित वाचक