"पण तू काय बोललास?"

प्रिय सुध्या,

पोलिसाने गाडी अडवून मला मारलं हे परवा फोनवर सांगितलं, तर तू पहिलंच विचारलंस, "अरे पण तू काय बोललास त्याला?" आणि मी फोन ठेवून दिला. आता लिहूनच सांगतो, बोलताना तू मधेच तोडतोस.

बोललो होतो, खोटं कशाला सांगू. कागद सगळे दाखवले तरी अर्धा तास उभं ठेवलं, मग माझा तोल गेला आणि मी म्हणालो, "आमच्या पैशावर पगार घेता आणि आमच्यावरच दादागिरी?" उद्धटच होतं ते, आवाजही चढला होता. त्याने आधी माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, नीट गाडीच्या सीटवर ठेवलं, ते घरंगळणार नाही हे बघितलं, आणि मग कानाखाली वाजवली. रागाच्या भरात हात उठला म्हणावं तर हेल्मेट ठेवण्याइतका वेळ होता ना त्याच्याकडे. त्याचा जोडीदार म्हणाला, "उतरला माज, सोड आता." आणि कागदावर काय लिहिलं तर हुज्जत घातली. थोबाडीत मारल्याचा उल्लेखच नाही.

हा हुज्जत शब्द डोक्यातून जातच नाहीये बघ. गाडी का अडवली विचारलं तरी हुज्जत, नाव विचारलं तरी हुज्जत, मोबाईल काढला तर मोठी हुज्जत. अपमान झाला की नाही हे ज्याचा झाला तोच ठरवणार, शिक्षा तोच ठरवणार आणि जागेवरच देणार पण तोच, मग कोर्ट कशाला हवंय? मी नियम मोडला असेल तर फाड की पावती, शिवीगाळीबद्दल कायद्यात काही असेल तर लाव ते कलम, मी भरेन दंड. पण थप्पड कुठल्या कलमात बसते ते मला दाखव.

संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली पोलिसांसाठी आचारसंहिता केली, त्यात स्पष्ट आहे की बळ अगदी गरज असेल तेव्हाच आणि कामापुरतंच वापरायचं. समोरचा नीट बोलत असेल तर, अशी अट त्यात नाहीये. अमेरिकेत ह्यूस्टन शहराचा एक नियम होता, पोलिसाच्या कामात बोलून व्यत्यय आणला तरी गुन्हा. एकाने मित्राला हटकणाऱ्या पोलिसांना ओरडून सांगितलं की तुमच्या तोडीच्या माणसाशी भिडा की, त्याला अटक झाली, आणि १९८७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो नियमच घटनाविरोधी ठरवला. अटकेची भीती न बाळगता पोलिसाला तोंडावर विरोध करता येणं ही मोकळ्या देशाची एक मुख्य खूण, असं कोर्ट म्हणालं. आणि प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाने सामान्य माणसापेक्षा जास्त संयम ठेवायला हवा, हाही मुद्दा त्या निकालात आहे. मला तर हेच मुख्य वाटतं, कारण ट्रेनिंग त्याला, काठी त्याच्याकडे, बेड्या त्याच्याकडे, आणि डोकं शांत ठेवायची जबाबदारी मात्र माझ्या एकट्याची?

तू म्हणशील दगड मारला, अंगावर धावून आला तर काय करायचं. तर आवरायचं त्याला, लागेल तेवढं बळ वापरून, त्यात माझा वाद नाहीच. पण तो हल्ला झाला, उद्धटपणा नव्हे, आणि त्यातही माणूस ताब्यात आला, बेड्या पडल्या की तिथे थांबायचं. पुढचा प्रत्येक फटका सूड असतो.

काका पोलिसात होते म्हणून तुला हे लागतं, कळतं मला. सणासुदीला सगळं जग घरी असताना ते बंदोबस्तात उभे असायचे, लोकांच्या शिव्या खायचे आणि घरी येऊन त्यातलं अवाक्षर काढायचे नाहीत. आपण लहानपणी पाहिलंय ते. मी जे बोललो ते काकांना कोणी बोललं असतं तर मला राग आला असता, आणि त्या वाक्याबद्दल मला वाईट वाटतंच. पण शिव्या खाऊनही हात न उचलणारे तेच काका डोळ्यापुढे असताना तू त्या माणसाची बाजू घेतोस, हे मला जास्त लागलं रे.

आईनेही तेच विचारलं, ऑफिसात तेच, तक्रार द्यायला गेलो तिथे तर पहिलाच प्रश्न तोच, "तुम्ही काय बोललात?" कान दोन दिवस वाजत होता, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

रविवारी फोन कर. मी उचलेन.

तुझा,
नंदू