तिकालच्या रानात भेटलेल्या माणसांनो, मनापासून आभार

ग्वाटेमालातल्या तिकालला, माया संस्कृतीच्या प्राचीन शहराचे अवशेष बघायला, आई आणि मी गेलो होतो. सुमारे ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिरावर लाकडी जिन्याने चढलो. खाली नजर पोचेल तिथवर रान आणि त्यातून वर आलेली इतर मंदिरांची शिखरं. आईने नकळत हात जोडले.

परतताना शेवाळलेल्या चुनखडीवर तिचा पाय घसरला आणि घोटा टम्म सुजला. फाटक लांब, पावसाने अंधारलेलं, वर हाउलर माकडांचा आरडाओरडा. मला स्पॅनिशचे चार शब्दही धड येत नव्हते.

ज्या मावशींनी स्वतःच्या खांद्यावरचं विणलेलं वस्त्र काढून आईचा घोटा बांधला, त्यांचे आभार. हातांची पालखी करून तिला चिखलातून नेणाऱ्या दोन मुलांचेही. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मी दिले तेव्हा नुसती मान हलवली.

आणि ते पहारेकरी काका! आईचं दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून वाटेत एका झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘चिकोसापोते’. आई कळवळत होती, तरी एकदम म्हणाली, “अगं, हा तर आपला चिकू!” चिकूचं मूळ घर हाच प्रदेश. इथल्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया याच लाकडाच्या, बाराशे वर्षांहून अधिक टिकलेल्या.

तुमची नावं विचारायची राहून गेली. आई आता नीट चालते. ते वस्त्र तिने धुऊन, घडी करून कपाटात ठेवलंय.