फोनवर ‘का’ समजावून सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर मी एवढंच विचारलं होतं की, कॅम्पिंगचा स्टोव्ह सामानात चालेल का? तुम्ही ‘नाही’ म्हणून फोन ठेवला असता तरी कोणी बोल लावला नसता. पण तुम्ही उलट विचारलंत, “स्टोव्ह कोणता? गॅसचा की पेट्रोल-रॉकेलचा? वापरलेला की कोरा?” तिथेच मला हायसं वाटलं. त्याआधी ज्याला विचारावं तो एकतर “नेताच येत नाही” म्हणायचा, नाहीतर “टाक बॅगेत, कोण बघतंय!” यातला दुसरा सल्ला मला फार घातक वाटतो.

गॅसच्या स्टोव्हचं तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. गॅसचा डबा काढून ठेवला की बर्नर म्हणजे नुसता धातू, तो स्वच्छ असेल तर सहसा अडचण येत नाही. डबा मात्र भरलेला असो वा अर्धा, केबिनमध्येही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. तो उतरल्यावर तिथेच विकत घ्यायचा.

माझा स्टोव्ह होता वापरलेला, पेट्रोलवर चालणारा. त्याच्यासाठी तुम्ही खरा वेळ दिलात. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणून टाकी ओतून रिकामी केली तरी ती रिकामी नसते; तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आत कोंडलेली असते, आणि सामानाच्या कप्प्यात ठिणगी पडली तर तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. हे कळल्यावर पुढच्या अटी मला जाचक वाटल्याच नाहीत. टाकी किमान १ तास निथळू द्यायची, मग झाकण न लावता किमान ६ तास उघडी ठेवायची. किंवा तिच्यात स्वयंपाकाचं तेल घालून ओतून टाकायचं, म्हणजे उरलेलं इंधन तेलात मिसळतं आणि सहजी पेट घेत नाही. ही तेलाची युक्ती नियमातच मान्य आहे, हे ऐकून मी थक्क झालो! त्यानंतर झाकण घट्ट लावून, टिपून घेणाऱ्या कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. जायचं फक्त चेक-इन सामानातून, तेही कंपनीची परवानगी असेल तरच.

ती परवानगी तुम्ही मी न मागता ईमेलवर पाठवलीत. “छापून स्टोव्हजवळच ठेवा, आणि स्टोव्ह बॅगेत अगदी वर ठेवा, शोधायला सगळं उपसावं लागलं की तपासणाऱ्याचा संशय वाढतो,” हे तुमचे शब्द. शेवटचा निर्णय तपासणी अधिकाऱ्याचा असतो, पेट्रोलचा वास आला तर तो कागद बघूनही नाही म्हणू शकतो, आणि तसं म्हणणं बरोबरच आहे, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. मला तुमचा हा सरळपणा सगळ्यात जास्त भावला. खोटी खात्री देणं सोपं होतं.

लायटर आणि काडेपेटीचं मी विचारलंही नव्हतं. त्या चेक-इन सामानात कधीच टाकायच्या नाहीत, आणि काही देशांत खिशातही चालत नाहीत, हे तुम्ही आठवणीने जोडलंत. घन इंधनाच्या वड्याही सहज पेट घेतात, म्हणून त्याही घरीच राहिल्या.

काउंटरवर अधिकाऱ्याने पिशवी उघडली, टाकी नाकाशी नेली, कागद वाचला आणि स्टोव्ह पुढे जाऊ दिला. डोंगरातल्या थंडीत आमच्या सगळ्या गटाला त्याच स्टोव्हवर गरम जेवण मिळालं. त्या जेवणासाठी तुमचे मनापासून आभार.

तुम्ही सांगितलेली सगळी रीत मी गटातल्या सगळ्यांना लिहून दिली आहे. परवानगी मात्र जो तो आपापल्या प्रवासासाठी स्वतः मागेल, कारण एका कंपनीची परवानगी दुसरीकडे चालत नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत.

आपला कृतज्ञ,
एक ट्रेकर