कठड्याचा हात सोडताना

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, माझ्या बॅले नाचाच्या, बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस, "चाळिशीत हे लाकडाचे बूट घालून पाय मोडून घेशील." आधी एक सांगते, त्यांत लाकूड नसतं. कापड आणि कागदाचे थर सरसाने चिकटवून पुढचा भाग कडक केलेला असतो आणि तळाखाली एक ताठ पट्टी. बस. 1832 साली पॅरिसमध्ये मारी तालियोनी ही नर्तकी 'ला सिल्फीड' हा बॅले नाचली, तेव्हा तर एवढंही नव्हतं. मऊ सॅटिनचे बूट, टोकाशी आणि कडेला रफू केलेले. बाकी सगळं तिच्या पायाचंच.

माझ्या पायाचं काय आहे, ते गेल्या महिन्यात कळलं. बार, म्हणजे सरावात धरायचा आडवा दांडा, धरून मी झकास उभी राहते, असा माझा समज होता. नाचाच्या बाईंनी कारण न सांगता सगळ्यांना हात वर घ्यायला सांगितले आणि मी तिसऱ्या सेकंदाला खाली. बारवर मी हात ठेवत नव्हते, अंग टाकत होते! आता नियम असा, की बारवर फक्त दोन बोटं, तीही पियानोच्या पट्टीवर ठेवावीत तशी. पट्टी दाबली गेली की चुकलं.

तेव्हापासून खरा सराव घरी, अनवाणी. दात घासताना एका पायावर. ब्रश उजव्या हातात असला की शरीर कसं डावीकडे पळतं, ते बघण्यासारखं असतं. मग एका पायाच्या चवड्यावर चढायचं, दोन मोजत वर, चार मोजत खाली. खाली येणंच कठीण. टाच अर्ध्यावर असताना घोटा सर्वांत डळमळीत असतो, आणि तिथेच माझा डावा पाय करंगळीकडे कलंडतो. मुरगळतो तो असाच. म्हणून पायाला रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ताणते, म्हणजे घोट्याच्या बाहेरचे स्नायू जागे होतात. एका पायावर असे सलग वीस चढउतार, गुडघा न वाकवता आणि घोटा न वळवता, झाल्याशिवाय बूट घालायचे नाहीत, ही बाईंची अट. माझा उजवा वीसला पोचला. डावा चौदाला रडतो.

एक व्यायाम दिसायला अगदीच क्षुल्लक. पाऊल जमिनीवर सपाट ठेवायचं आणि बोटं न मुडपता अंगठ्याखालची गादी टाचेकडे ओढायची. तळव्याची कमान जराशी वर येते. पहिल्या आठवड्यात माझ्या भुवया हलल्या, पाऊल नाही.

हे सगळं तुम्हाला का लिहिते? बाबा, मागच्या वेळी मी आले तेव्हा तुम्ही बाथरूमकडे जाताना भिंत, खुर्ची, कपाट असं धरत धरत जात होतात. तुम्ही म्हणाल सवय आहे. मीही बारबद्दल हेच म्हणत होते. जिन्यावर मात्र कठडा सोडायचा नाही हं, तिथे घट्टच धरा. पण ओट्याशी उभं राहून, मागे खुर्ची ठेवून, एक पाय जमिनीपासून चार बोटं उचला. आई शेजारी असू दे. आधी तळहात ओट्यावर, काही दिवसांनी एकच बोट. त्या एका बोटाच्या स्पर्शानेही शरीराला आपण कुठे झुकतोय ते कळतं, भार टाकावा लागत नाही. पाय थरथरला तर घाबरू नका, घोटा तोल सावरत असतो तो. डोळे मिटून मात्र करू नका, तो प्रकार माझ्यासाठी राहू द्या. चक्कर आली किंवा दुखलं तर लगेच बसा, आणि डॉक्टरांना आधी विचारलंत तर मला बरं वाटेल.

आई, तूही कर. तू दहा सेकंद राहिलीस आणि बाबा सात, तर त्यांना चिडवायचं नाही.

रविवारी फोन करते. कोणाचा कोणता पाय वाईट निघाला ते सांगा.

तुमची,
ताई